कंबर दुखतेय आणि डॉक्टर झोपेचं विचारतायत

पाठ, कंबर आणि मानेच्या दुखण्यावर आलेल्या पत्रांत या वेळी एकच सूर सारखा ऐकू येतो : 'दाखवायला गेलो मणका आणि डॉक्टर विचारू लागले मनाचं.' कुणाला त्याचा राग आलाय, कुणाला लाज वाटलीय. एका पत्रात तर डॉक्टरांनी सगळं मनावर ढकलायची खरंच घाई केलेली दिसते. निवडक पत्रांना मानसोपचार आणि फिजिओथेरपी या दोन्ही बाजूंनी उत्तरं देत आहोत. पत्रलेखकांची नावं वगळली आहेत.

प्रश्न : अडीच वर्षांपासून कंबर दुखते. एमआरआयमध्ये एल-४ एल-५ची (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) चकती फुगलेली निघाली. पहिल्या डॉक्टरांनी 'गॅप आहे, वाकू नका, वजन उचलू नका' असं सांगितलं. मी झाडू-फरशी सोडली, बाजारात जाणं सोडलं. आता दुसरे डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट वयाच्या मानाने ठीक आहे, एकदा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मी सोंग करते असं त्यांना वाटतं का? (शिक्षिका, वय ४६, नाशिक)

उत्तर : सोंगाचा प्रश्नच येत नाही. दुखणं मोजायचं यंत्र नसतं, ज्याला दुखतं त्याचं सांगणं हाच पुरावा. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. वेदना हा शरीर आणि भावना यांचा मिळून एक अनुभव आहे, हे जुन्या व्याख्येतलं म्हणणं तेव्हाही तसंच ठेवलं गेलं. पाय मोडलेल्या माणसाच्या वेदनेतही मनाचा वाटा असतो. त्याला मात्र कुणी सोंगी म्हणत नाही.

आधी त्या 'गॅप'चं बघू. आमच्या मते कंबरदुखीइतकीच भीती या एका शब्दाने पसरवली आहे. दोन मणक्यांमधल्या चकतीतलं पाणी वयाबरोबर कमी होतं, तिची उंची घटते, कड जराशी बाहेर येते. एक्स-रेत मणक्यांमधली जागा कमी झालेली दिसते. म्हणजे गंमत अशी, की गॅप कमी झालेला असतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं मणके सुटे झाले, आता वाकलं की निखळणार! अजिबात दुखत नसलेल्या ३ हजारांहून अधिक लोकांच्या स्कॅनचा एकत्रित अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीच्या ५० टक्के आणि पन्नाशीच्या ६० टक्के लोकांत फुगलेली चकती होती. विशीतल्यांतही हे प्रमाण ३० टक्के होतं. ही सगळी माणसं रोज वाकत होती. चकतीने नस खरोखर दाबली असेल तर बहुधा कळ गुडघ्याच्या खाली पायात उतरते, पाऊल बधिर होतं किंवा पंजा उचलताना जोर लागत नाही. तुमच्या पत्रात यातलं काही नाही.

मग अडीच वर्षं दुखतं का? मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची एक चौकी असते, असं समजा. खालून संदेश येतात आणि मेंदू वरून त्या चौकीला हुकूम देतो : हा दाब, तो मोठा करून पाठव. मेल्झॅक आणि वॉल या दोघा संशोधकांनी १९६५ साली ही कल्पना मांडली. नंतर तिच्यात दुरुस्त्या झाल्या, पण गाभा टिकला. हे हुकूम नेणाऱ्या रसायनांत सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनालिन ही दोन महत्त्वाची, आणि मनःस्थिती सांभाळण्यातही याच दोघांचा हात असतो. उदासी, भीती, अपुरी झोप यांत ही चौकी ढिली पडते. मूळ लचक तीन महिन्यांत भरून येते, पण चौकी साध्या वाकण्यालाही 'धोका' म्हणून वर कळवत राहते. उलट दिशेनेही हे चालतं : सतत दुखलं की झोप मोडते, बाहेर जाणं सुटतं, माणूस आतल्या आत मिटतो. नैराश्य असलेल्या माणसाला पुढे कंबरदुखी होण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त असतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलं आहे. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी यातला बंद राहिलेला दरवाजा दाखवला. फक्त मणक्याचे उपचार चालू ठेवूनच तिकडे जा, असं त्यांनी सांगायला हवं होतं.

सुटलेली कामं परत कशी आणायची ते सांगतो, कारण चूक नेमकी इथेच होते. बरं वाटलं त्या दिवशी सगळं घर आवरायचं आणि पुढचे तीन दिवस झोपून काढायचे, हा खाक्या मोडायचा आहे. एकच काम निवडा, समजा ओट्याशी उभं राहणं. तीन वेगवेगळ्या दिवशी दुखणं वाढू लागेपर्यंतची मिनिटं लिहा. १२, २० आणि १६ आली तर सरासरी १६. तिच्या ८० टक्के म्हणजे सुमारे १३ मिनिटं. आता रोज १३ मिनिटं उभं राहायचं, गजर लावून. बरं वाटलं तरी चौदावं मिनिट नाही आणि वाईट दिवस असला तरी १३ पूर्ण करायची. दर आठवड्याला एक-दीड मिनिट वाढवा. थांबायचं कधी हे घड्याळ ठरवतं, दुखणं ठरवत नाही, त्यामुळे 'हालचाल म्हणजे धोका' हा मेंदूचा समज हळूहळू पुसला जातो. वाकण्याचंही तसंच : आधी खुर्चीवर बसून हात गुडघ्यांवरून पोटऱ्यांपर्यंत न्या, दहा वेळा, दिवसातून दोनदा. दोन आठवड्यांनी उभ्याने वाका. मग रिकामी बादली, मग अर्धी भरलेली. व्यायामानंतर दुखणं थोडं वाढून २४ तासांत पूर्वीच्या पातळीवर आलं, तर मात्रा बरोबर आहे. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच राहिलं तर एक पायरी खाली या. व्यायाम सोडू मात्र नका.

प्रश्न : वय २७. दीड वर्षापासून कंबर आणि नितंब दुखतात. पहाटे तीन-चारला जाग येते, सकाळी तासभर कंबर आखडलेली असते, ऑफिसला गेल्यावर बरं वाटतं. रविवारी लोळलो की जास्त दुखतं. एक्स-रे नॉर्मल. 'नवीन नोकरीचं टेन्शन आहे, ध्यान करा' असं सांगितलं. (कोल्हापूर)

उत्तर : ध्यान जरूर करा, पण आधी संधिवाततज्ज्ञांकडे जा. पंचेचाळिशीच्या आत सुरुवात, तीन महिन्यांहून जास्त काळ, उत्तररात्री जाग, सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडणं, हालचालीने बरं आणि विश्रांतीने वाईट हे वर्णन मणक्याच्या दाहक संधिवाताचं आहे. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस त्यातलाच. यात सुरुवातीची काही वर्षं एक्स-रे साधा येऊ शकतो. त्रिकास्थीच्या (कंबरेखालच्या हाडाच्या) सांध्यांचा एमआरआय, एचएलए-बी२७ (जनुकाची खूण बघणारी रक्तचाचणी) आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) या तपासण्या डॉक्टर ठरवतील. पण सीआरपी नॉर्मल आला म्हणजे आजार नाही, असं नसतं. डोळा लाल होऊन दुखणं, टाच दुखणं, सोरायसिस किंवा घरात कुणाला असाच आजार असेल तर आवर्जून सांगा.

टेन्शन असणं आणि टेन्शनमुळे दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दिसली म्हणून दुसरी गृहीत धरली, ही इथली चूक.

प्रश्न : हिंजवडीत आयटीत आहे, वय ३४. वर्षभर मान आणि उजवा खांदा भरून येतो. रात्री दोन-दोनपर्यंत झोप नाही, चिडचिड वाढलीय, बायकोशी खटके उडतात. मेडिकलवाल्याकडून पेनकिलर आणि मसल रिलॅक्संटची गोळी घेतो, मित्राने झोपेची गोळीही दिली. मानेमुळे झोप जाते की झोपेमुळे मान धरते?

उत्तर : दोन्ही. पण सुरुवात झोपेपासून करा, कारण तिथे फरक लवकर पडतो. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तोच दाब जास्त दुखतो, हे प्रयोगांत स्पष्ट दिसलं आहे.

उठायची वेळ पक्की करा, समजा सात. झोप कितीही लागो, शनिवार-रविवारीसुद्धा सात. दुपारी दोननंतर चहा-कॉफी नाही. कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाची कॉफी रात्री अकरालाही अर्धी शिल्लक असते. डोळे जड झाल्याशिवाय अंथरुणावर जाऊ नका. अंदाजे २० मिनिटांत झोप आली नाही तर उठा, मंद उजेडात दुसऱ्या खोलीत कंटाळवाणं काहीतरी करा आणि पेंग आली की परत या. घड्याळ बघायचं नाही. पहिले सात-आठ दिवस दिवसा जास्त थकवा येतो आणि बहुतेक जण इथेच सोडतात. तीन-चार आठवडे धरून ठेवावं लागतं. या दिवसांत डोळ्यांवर झापड असेल तर दुचाकी चालवू नका. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास १५ मिनिटं 'काळजीची वेळ' ठेवा. कागदावर दोन रकाने करा, काळजी एकात आणि उद्या त्यावर काय करता येईल ते दुसऱ्यात. अंथरुणात तीच काळजी आली तर ती कागदावर आहे, एवढं मनाशी म्हणायचं. पोरकट वाटतं, पण उपयोग होतो.

मानेचं : लॅपटॉपखाली पुस्तकं रचून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा आणि कीबोर्ड-माऊस वेगळे घ्या. पण 'चुकीची बैठक' हा शब्द मनावर घेऊ नका. उत्तम बैठकही दोन तास तशीच ठेवली तर मान भरते. दर ३० मिनिटांनी उठा, एक मिनिट पुरे. हनुवटी सरळ मागे ओढायची (खाली वाकवायची नाही), ५ सेकंद धरायची, दहा वेळा, दिवसातून तीनदा. मीटिंग सुरू झाली की खांदे नकळत कानांकडे चढतात. फोन वाजला की ते मुद्दाम आणखी वर उचला, ५ सेकंद घट्ट धरा आणि एकदम सोडून १५ सेकंद ढिले राहू द्या, तीन वेळा. नुसतं 'रिलॅक्स व्हा' म्हटल्याने स्नायू ढिला पडत नाही. आवळून सोडला की त्याला फरक कळतो. उशी एकच, आणि पालथं झोपणं टाळा.

गोळ्यांबद्दल : मित्राची झोपेची गोळी आजपासून बंद करा. महिनाभर रोज घेत असाल तर मात्र एकदम बंद नको, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करत आणा. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते, आणि त्या अचानक तोडल्या की घबराट, निद्रानाश दुप्पट होऊन परततात. पेनकिलर महिनोन्‌महिने चालू असेल तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) आणि रक्तदाब तपासून घ्या. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळणं, हातातून वस्तू पडणं, चालताना तोल जाणं यांपैकी काही असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात मणक्याच्या तज्ज्ञांना दाखवा. तिथे मज्जारज्जूवर दाब असू शकतो.

प्रश्न : आप्पांचं वय ६३, पंढरपूरजवळ शेती. 'कंबर गेली' एवढंच म्हणतात. रानात जाणं सोडलं, जेवण कमी झालं, पारावर बसायला जात नाहीत. गावात सुई घेतात, कुठल्याशा पुड्याही घेतात. सोसायटीचं कर्ज आहे, पण त्याबद्दल बोलत नाहीत. 'मनाचं काही आहे का' विचारलं तर चिडतात. मी पुण्याला असते. काय करू?

उत्तर : या पत्राला आम्ही सगळ्यात जास्त जागा द्यायचं ठरवलं.

वयस्कर माणसं, त्यातही पुरुष, 'मी उदास आहे' असं म्हणत नाहीत. आपल्याकडे तशी बोलायची रीतच नाही. कंबर, डोकं, पोट बोलतं. त्यामुळे त्यांच्याशी कंबरेच्याच वाटेने बोला. 'तुम्हाला टेन्शन आहे का' हा प्रश्न टाळा. त्याऐवजी 'कंबरेमुळे रात्री किती वेळा जाग येते?', 'जेवण गोड लागतं का?', 'गाई-म्हशींकडे बघावंसं वाटतं का पूर्वीसारखं?' असं विचारा. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस नसणं, भूक-झोप बिघडणं, 'माझा आता काय उपयोग' असं बोलणं ही नैराश्याची खूण आहे. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी मराठीतही मिळते. २७पैकी १० किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांना दाखवायला हवं. नवव्या प्रश्नाचं (मरणाचे विचार) उत्तर 'हो' असेल तर एकूण गुण कितीही असोत, थांबायचं नाही. थकवा आणि झोपेचे गुण नुसत्या कंबरदुखीनेही वाढतात, म्हणून डॉक्टर पहिल्या दोन प्रश्नांकडे, म्हणजे उदासी आणि रस जाणं यांकडे, बारकाईने बघतात.

पण मनाकडे वळण्याआधी शरीराचं एक पक्कं करून घ्या. साठीनंतर कंबरदुखी आणि सोबत वजन घटणं, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री पडून राहिल्यावर वाढणारं दुखणं असेल, तर मणक्याचा क्षय किंवा कर्करोगाची गाठ नाही ना हे बघावंच लागतं. हिमोग्लोबिन, ईएसआर (दाहाची रक्तचाचणी), साखर, क्रिएटिनिन, थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि कंबरेचा एक्स-रे एवढ्याने बरंच कळतं. घरात माळकरी आहार असेल तर बी-१२ विसरू नका. ते कमी पडलं की मुंग्या, थकवा आणि उदासी तिन्ही एकत्र येतात, आणि उपचार अगदी स्वस्त आहे.

पुड्या घेऊन डॉक्टरांकडे जा. सांधे-कंबरेच्या अशा निनावी पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. दोन दिवसांत जादू होते, पुढे साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि मनःस्थितीही हेलकावे खाते. बरेच महिने घेतल्या असतील तर घरच्या घरी अचानक बंद करू नका, रक्तदाब एकदम कोसळू शकतो.

आता जे बोलायला अवघड आहे ते. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हे आप्पांना सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट बोलायला वाट मिळते. शब्द असे ठेवा : 'आप्पा, एवढं दुखतं, एवढी ओढाताण आहे. सगळं संपवावं असं कधी मनात येतं का?' आणि मग गप्प राहा, त्यांना बोलू द्या. त्याच दिवशी घरातली फवारणीची औषधं बाहेर काढा. शेजारच्या किंवा भावकीतल्या विश्वासू माणसाकडे कुलपात ठेवा, किल्ली आप्पांकडे नको. असा झटका अनेकदा थोड्या वेळाचा असतो आणि तेवढ्या वेळात विष हाताशी नसणं यानेच जीव वाचतो. उत्तर 'हो' आलं तर त्यांना एकटं सोडू नका आणि सोलापूरला जिल्हा पातळीच्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच दिवशी न्या. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तुम्ही पुण्यातूनही आप्पांसाठी फोन करून सल्ला घेऊ शकता.

कर्जाचा विषय टाळू नका. तुम्ही किंवा भावाने सोसायटीत जाऊन आकडा लिहून आणा. कागदावरचा आकडा अंधारातल्या आकड्यापेक्षा लहान वाटतो. आणि डॉक्टरांनी नैराश्याची गोळी दिली तर 'ही कंबरेची नस शांत करायची गोळी' असं खोटं सांगू नका. 'दुखण्यावर आणि झोपेवर, दोन्हींवर काम करते' असं सांगा.

प्रश्न : अस्थिरोगतज्ज्ञांनी ड्युलोक्सेटिन ३० लिहून दिली. नेटवर पाहिलं तर ती डिप्रेशनची निघाली. चार दिवस घेतली, मळमळलं, बंद केली. (वय ५१, ठाणे)

उत्तर : चौकीकडे जाणारी दोन रसायनं वर सांगितली, ही गोळी तीच वाढवते. म्हणून ती नैराश्यावर आणि काही दुखण्यांवर, अशी दोन्हीकडे वापरतात. साधारण पद्धत अशी : पहिला आठवडा ३० मिलिग्रॅम, मग ६०. जेवणानंतर घ्यायची, म्हणजे मळमळ कमी. ती बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत ओसरते. कॅप्सूल फोडायची किंवा चावायची नाही. दुखण्यातला फरक दोन ते चार आठवड्यांनी कळतो. दोन महिन्यांत काहीच फरक नसेल तर उगाच ओढू नये, पण बंद करताना किमान दोन आठवड्यांत कमी करत आणावी. झटक्यात थांबवली तर चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखं, चिडचिड असं होतं.

कुणी घेऊ नये : यकृताचा आजार, रोजचं मद्यपान, काचबिंदूचा विशिष्ट प्रकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब. ट्रॅमाडोल या वेदनाशामकाबरोबर ती धोकादायक ठरू शकते, आणि कंबरदुखीत नेमकं ट्रॅमाडोल बऱ्याचदा लिहिलेलं असतं, त्यामुळे जुनी चिठ्ठी दाखवा. रोजच्या पेनकिलरसोबत पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो.

एक स्पष्ट सांगायला हवं : नुसत्या कंबरदुखीवर हिचा सरासरी फायदा लहान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत दीर्घकालीन साध्या कंबरदुखीसाठी अशी औषधं सरसकट द्यावीत असं म्हटलेलं नाही. सोबत नैराश्य किंवा सततची चिंता असेल तर गणित बदलतं, मग ती चांगली निवड ठरते. तुमच्या डॉक्टरांना हाच प्रश्न विचारा : 'ही माझ्या कंबरेसाठी की मनःस्थितीसाठी, आणि फायदा झाला हे आपण कशावरून ठरवणार?'

प्रश्न : सिझेरियनला पाच महिने झाले. पाठीत भुलेचं इंजेक्शन दिलं तेव्हापासून कंबर दुखते. सासूबाईही म्हणतात, 'त्या सुईनेच वाट लावली.' बाळ रडलं की मलाही रडू येतं, त्याला घ्यावंसं वाटत नाही. (वय २९, सातारा)

उत्तर : सुई टोचलेल्या जागी काही दिवस हुळहुळतं. महिनोन्‌महिने टिकणाऱ्या कंबरदुखीचा त्या सुईशी संबंध अभ्यासांत सापडलेला नाही. भुलेचं इंजेक्शन न घेता बाळंत झालेल्या बायकांचीही कंबर दुखतेच. खरी कारणं : नऊ महिने ताणलेले पोटाचे स्नायू, ओटीपोटाचे सैल झालेले सांधे, आणि दिवसातून आठ-दहा वेळा वाकून पाजणं. बाळाला छातीशी आणा, छाती बाळाकडे नेऊ नका. मांडीवर उशी, पाठीला टेका, पायाखाली पाट. लंगोट बदलायला कंबरेइतक्या उंचीचा पलंग किंवा टेबल वापरा आणि एक हात बाळावर असू द्या. उताणं झोपून, गुडघे दुमडून, श्वास सोडताना बेंबी हलकेच आत ओढा, ५ सेकंद, दहा वेळा, दिवसातून दोनदा. आणि चालणं : १० मिनिटांपासून ३० पर्यंत. शेक आणि मालिश चालेल, टाक्यांवर नको. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीच नको, तिच्या धुराने जीव जाऊ शकतो.

रडण्याचं वेगळं बघा. बाळंतपणानंतरचं हळवेपण दोन आठवड्यांत जातं. पाच महिने टिकलेलं, बाळ जवळ घ्यावंसं न वाटणारं रडणं हे प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं, आणि ते बरं होतं. एडिनबरा मापपट्टीचे दहा प्रश्न स्त्रीरोगतज्ज्ञही विचारू शकतात, ३०पैकी १३ किंवा जास्त गुण आले तर उपचार लागण्याची शक्यता मोठी असते. अंगावर पाजत असतानाही देता येतील अशी औषधं आहेत, उदाहरणार्थ सर्ट्रालिन. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासा. रात्रीचा एक फेरा नवऱ्याने घ्यायचा आणि तुम्हाला सलग चार-पाच तास झोप मिळायला हवी, हे औषधाइतकंच महत्त्वाचं. सासूबाईंना हे पान वाचायला द्यायला हरकत नाही. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असे विचार येत असतील तर आजच घरात सांगा आणि आजच डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : कमरेचा बेल्ट आणि मानेचा पट्टा किती दिवस वापरावा?

उत्तर : फार दुखत असेल तर चार-पाच दिवस, तेही प्रवासात. झोपताना काढायचाच. महिनोन्‌महिने बांधला की स्नायू आळसावतात आणि 'बेल्टशिवाय आपलं काही खरं नाही' हे डोक्यात बसतं.

प्रश्न : रोज चालण्याने खरंच काही होतं की नुसतंच सांगायचं म्हणून सांगतात?

उत्तर : होतं. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर झालेला अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. हे सगळे कंबरदुखीतून नुकतेच बरे झालेले होते. फिजिओच्या मदतीने चालणं वाढवत नेलेल्या गटात निम्म्या जणांची कंबर पुन्हा धरेपर्यंत २०८ दिवस गेले, असं काही न दिलेल्या दुसऱ्या गटात ११२. सहा महिन्यांत आठवड्याला पाच वेळा ३० मिनिटं हे लक्ष्य होतं, पहिल्या दिवशी नव्हे. उदासीवरही चालणं काम करतं, आणि कुणासोबत चाललात तर त्या दिवशी चार शब्द बोलणंही होतं.

प्रश्न : समुपदेशनात नेमकं काय करतात? नुसत्या गप्पांचे पैसे का द्यायचे? आणि मानसोपचाराचा कागद विम्यात, नोकरीत नडतो का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : वेदनेसाठीची विचार-वर्तन उपचारपद्धती साधारण ६ ते १२ बैठकांची असते आणि तिच्यात गृहपाठ असतो. पहिल्या दोन बैठकांत तुमचा दिवस तासातासाने मांडतात : कधी दुखलं, तेव्हा काय करत होता, मनात कोणतं वाक्य आलं. 'आता मी कायमचा अपंग होणार' हे ते वाक्य असेल तर त्याच्या बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा लिहायला लावतात. मग भीती वाटणाऱ्या हालचालींची शिडी करतात : सर्वांत खालच्या पायरीवर बूट घालणं, वरच्या पायरीवर नातवाला उचलणं. एकेक पायरी प्रत्यक्ष करून बघायची, आधी 'काय होईल' ते लिहून ठेवायचं आणि नंतर 'काय झालं' ते. श्वासाचा सराव असतो : ४ आकडे श्वास आत, ६ आकडे बाहेर, दहा मिनिटं. चौथ्या बैठकीपर्यंत गृहपाठच नसेल, नुसत्या गप्पाच होत असतील, तर तुमची शंका रास्त आहे. मग समुपदेशक बदला. शक्य असेल तर फिजिओ आणि समुपदेशक यांचा एकमेकांशी फोन होऊ द्या. एक म्हणतो 'वाकून बघा' आणि दुसरा म्हणतो 'जपा', अशाने रुग्ण जपण्याचंच ऐकतो.

कागदाबद्दल : मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७नुसार तुमची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यायचं आहे. मात्र बऱ्याच पॉलिसी मुळात ओपीडीचा खर्च देतच नाहीत, कंबरेचाही नाही, त्यामुळे बैठकांचे पैसे बहुधा खिशातूनच जातात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर नाममात्र दरात निघतो. सकाळी लवकर जा आणि जुने एमआरआय, गोळ्यांची पाकिटं, दोन आठवड्यांची झोपेची नोंद सोबत न्या. लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, दोन्ही मांड्यांच्या मध्ये बधिरपणा, दोन्ही पायांतली ताकद कमी होणं यांपैकी काही सुरू झालं तर कुठल्याही ओपीडीची वाट बघू नका, सरळ तातडीच्या विभागात जा. तिथे तासांचा हिशेब असतो.